मोहर्ली कुणाच्या हद्दीत?

ताडोब्याचं मोहर्ली गेट भद्रावती तालुक्यात. इथला आमदार वरोऱ्याचा, खासदार चंद्रपूरचा. त्याच जंगलाचं कोलारा गेट चिमूर तालुक्यात. तिथला खासदार गडचिरोली-चिमूरचा. वाघ तेच, पर्यटक तेच, रानडुकरांनी नासवलेल्या पिकाचं दुखणंही तेच. दाद मात्र दोन दारी.

२००८च्या पुनर्रचनेत आखलेला हा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलाय : वर गोंदियातलं आमगाव, खाली तेलंगणाला लागलेला, तेलुगू बोलणारा सिरोंचा. लोकसंख्येचा हिशेब जुळला, माणसांचा नाही. चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला २६ ऑगस्ट १९८२ला, तरी सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण आजही सुमारे २०० किमी. चिमूर, ब्रह्मपुरी आणि अहेरी, तिघांनाही आपापला जिल्हा हवाय.

जिल्हा परिषदेतही तेच : गट, म्हणजे तिचे मतदारसंघ, पाडताना आखणी उत्तरेकडून सुरू होते, दक्षिणेला संपते. एका गटात पंचायत समितीचे दोन गण. ग्रामपंचायत शक्यतो फोडायची नाही, एवढीच गावाची कदर.

समूहालाच गाव मानतो तो १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा. परंपरेनं आपला कारभार चालवणारी वस्ती, टोला म्हणजे गाव, असं तो सांगतो. राज्याच्या २०१४च्या नियमांनुसार टोल्याला ठराव करून वेगळं गाव होता येतं. पण हे फक्त अनुसूचित क्षेत्रात.

बाकीच्यांच्या हाती हरकत. गटांचं प्रारूप जिल्हाधिकारी प्रसिद्ध करतात, मुदत मोजक्या दिवसांची असते. ग्रामसभेचा ठराव जोडून लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.