हाफ शर्ट सावलीतला, फुल शर्ट उन्हातला

अपघात विभागातल्या ट्रेमध्ये बोथट टोकाची एक मोठी कात्री असते, कपडे कापायची. एरवी ती अपघातातल्या जखमींसाठी लागते; एप्रिल-मेमध्ये उष्माघातासाठीही बाहेर निघते. काही वर्षांपूर्वी दुपारी तीनच्या सुमारास पंचविशीतल्या एका मुलाला ऑटोतून आणलं. दुचाकीवर फिरून घरोघर पार्सल पोचवायचं काम. ताप १०६, भान नाही, असंबद्ध बडबड. अंगात कंपनीचा पॉलिस्टरचा घट्ट टी-शर्ट, घामाने असा चिकटलेला की डोक्यातून निघेना. कापावाच लागला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात भाजल्यासारखे लाल झाले होते.

ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. तासाभराने ताप १०२ वर आला. मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर त्याचा पहिला प्रश्न, "सर, ते टी-शर्ट कंपनीचं होतं. पगारातून कापतेत का आता?"

उन्हाळ्यात काय प्यावं, काय खावं, हे लोक डॉक्टरला विचारतात. काय घालावं हे मात्र वजिराबादच्या नाहीतर गंजगोलाईच्या दुकानदाराला विचारतात. दुकानदार सध्या काढून दाखवतो तो अर्ध्या बाह्यांचा, पुढे बटणं असलेला, नारळाच्या झाडांची छपाई असलेला शर्ट. शर्ट चांगला आहे. पण तो जन्मला १९३०च्या दशकात होनोलुलूत, समुद्रकाठी, जिथे भर उन्हाळ्यातही पारा तिशीच्या फारसा पुढे जात नाही. आपल्या त्वचेचं तापमान असतं साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर उघड्या हातांवरून अंगातली उष्णता बाहेर जाते. मुंबईतही बहुतेक दिवस हेच गणित चालतं.

नांदेडला ४३ अंश असताना गणित उलटं होतं. हवाच अंगापेक्षा गरम, त्यामुळे उघड्या हातांवरून उष्णता आत येते. दुचाकीवर तर झळ जोराने आदळते. शिवाय बातम्यांत सांगतात ते ४३ सावलीतले, जाळीदार लाकडी पेटीत मोजलेले. उन्हाची किरणं वेगळी सोसावी लागतात. लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे, गोदाकाठच्या नांदेडपेक्षा उंच, म्हणून तिथे पारा थोडा कमी राहतो. पण ४० ओलांडल्यावर त्या थोड्याचा फार उपयोग नाही.

अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला ७०-८० किलोकॅलरी उष्णता तयार करतो, यावरून त्याची ताकद समजावी. मात्र तो अंगावर वाळला पाहिजे; नुसता निथळला तर पाणी गेलं आणि थंडावाही नाही. म्हणून शर्टाचं खरं काम आहे ऊन अडवणं आणि घाम वाळू देणं. उन्हात हे काम पूर्ण बाह्यांचा, सैल, सुती शर्टच नीट करतो. घरात, दुकानात, पंख्याखाली हाफ शर्ट उत्तम.

आपल्याकडचे शेतकरी धोतर, सैल सदरा आणि डोक्याला रुमाल बांधून मेमध्ये रानात उभे राहत, ते काही फॅशन म्हणून नाही. वाळवंटातले बेदुईन तर काळे झगे घालतात. हे कसं जमतं, हे नेगेव्हच्या वाळवंटात तपासलं गेलं आणि १९८०मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. काळ्या झग्याचं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, पण आत शरीरापर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा सैल असल्याने आतली तापलेली हवा वाहून जात होती. आपला शर्ट झग्याइतका सैल नसतो, तेव्हा आपण पांढरा किंवा फिका रंगच घ्यावा. पण घेण्यासारखी गोष्ट ती हवा वाहण्याची. खालून हवा आत येते, गळ्यातून बाहेर पडते. शर्ट खोचून वर पट्टा आवळला की खालची वाट बंद. म्हणून उन्हाळ्यात शर्ट बाहेर सोडावा, गळ्याचं बटण उघडं ठेवावं, एक नंबर मोठा घ्यावा. सुती कापड धुतल्यावर आटतंही. हाफ शर्टाची बाही दंडाला आवळणारी नको, दोन-तीन बोटं सहज आत गेली पाहिजेत. दंडाचे स्नायू दाखवायला हिवाळा आहे.

कापडाचा फरक साध्या आकड्यात सांगता येतो. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम सूत आठ-साडेआठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. टेरिकॉट या दोघांच्या मधलं. साहेब लोकांची टेरिकॉटची सफारी हाफ बाह्यांची असूनही घामोळ्यांचं आगर का होती, ते यावरून कळेल. ज्या नांदेडच्या संशोधन केंद्रातून नांदेड-४४ हे कपाशीचं वाण निघालं, त्याच जिल्ह्यातली पोरं मेमध्ये पॉलिस्टर घालून हिंडतात, याचं मला अजून नवल वाटतं. बनियन घालायचं तर सुती, आणि रोज धुतलेलं. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं; तशा दिवसांत रोज धुणं कुठून जमणार, हे मलाही कळतं. निदान घामाचा शर्ट उन्हात कडक वाळवूनच पुन्हा घालावा, ओलसर घातला की गजकर्ण आलंच.

जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, हवा दमट होते आणि पाराही उतरतो. तेव्हा घाम वाळेनासा होतो. जितकं अंग मोकळं तितकं बरं. मग नारळाच्या झाडांचा शर्ट खुशाल बाहेर काढा.

एक फायदा मात्र कोणत्याही बटणाच्या शर्टाचा आहे. उन्हात कुणी बरळू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, बेशुद्ध पडलं, तर सावलीत नेऊन आधी शर्ट मोकळा करायचा, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. बटणांचा शर्ट पाच सेकंदांत उघडतो. टी-शर्टासाठी कात्री शोधावी लागते.

तो मुलगा पंधरा दिवसांनी फेरतपासणीला आला. नवा टी-शर्ट होताच, पण त्यावर वडिलांचा पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट चढवलेला, बटणं न लावता. "लोगो दिसायला पाहिजे ना, सर." स्कुटीवरच्या बायका पांढरा सनकोट घालतात तसाच की! मी म्हटलं, हे झकास केलंस. मग विचारलं, पैसे कापले का?

"कापले," तो म्हणाला. "दोन्ही टी-शर्टांचे."