शीतदर्पण आर्द्रतामापकातील तापक व पंप यांचे नियंत्रण

प्रस्तावना

हवेतील आर्द्रता मोजण्याच्या पद्धतींमध्ये शीतदर्पण पद्धती विशेष विश्वसनीय मानली जाते. इतर आर्द्रतामापकांचे अंशशोधन करतानाही तिचा आधार घेतला जातो. या उपकरणात आरसा थंड करण्याच्या व्यवस्थेबरोबरच नमुन्याचा मार्ग गरम ठेवणारा तापक आणि हवा ओढून घेणारा पंप असतो. आरशाच्या नियंत्रणाकडे जेवढे लक्ष दिले जाते तेवढे या दोहोंकडे दिले जात नाही. ती केवळ साहाय्यक साधने आहेत असा समज प्रयोगशाळांतून आढळतो. वस्तुतः आरशापर्यंत पोहोचणारी हवा मूळची हवाच आहे की नाही, हे याच दोन नियंत्रणांवर अवलंबून असते. ती कशी हाताळावीत हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपकरणाचे तत्त्व

1820 मध्ये डॅनियल यांनी आणि 1845 मध्ये रेनॉ यांनी तयार केलेल्या दवबिंदुमापकांत ईथरच्या बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड करून त्यावरील दव डोळ्यांनी पाहिले जाई. आज ईथरची जागा पेल्टिए परिणामावर चालणाऱ्या शीतकाने व डोळ्याची जागा प्रकाश-संवेदकाने घेतली आहे. आरशावर दव धरले की परावर्तित प्रकाश कमी होतो. त्यानुसार शीतकाचा विद्युतप्रवाह कमीअधिक होऊन दवाचा थर स्थिर राखला जातो. त्या स्थितीत आरशाखालील प्लॅटिनम रोध तापमापक जे तापमान दाखवितो तोच दवबिंदू होय.

तापकाचे कार्य

समजा, जुलै महिन्यात कोकण किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात बाहेरच्या हवेची आर्द्रता मोजावयाची आहे. बाहेरचे तापमान 28 अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता 90 टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे 26 अंश येतो. उपकरण मात्र 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत ठेवलेले आहे. खिडकीतून आत आणलेली नळी तापविलेली नसेल, तर तिच्या भिंतीवर पाणी साचते आणि आरशापर्यंत सुमारे 22 अंश दवबिंदूचीच हवा पोहोचते. 34 हेक्टोपास्कल असलेला बाष्पदाब 26.4 वर येतो. 90 टक्क्यांची आर्द्रता 70 टक्के भासते.

येथे खरा धोका असा की उपकरण कोणतीही तक्रार करीत नाही. आकडा अत्यंत स्थिर दिसतो, आणि स्थिर आकड्यावर आपला विश्वास चटकन बसतो. पुढे बाहेर ऊन पडून हवा कोरडी झाली तरी नळीतील पाण्याचे बाष्प होत राहते व आकडा 22 च्या आसपासच रेंगाळतो. अशा वेळी आपण हवेची आर्द्रता नव्हे, तर खोलीचे तापमान नोंदवीत असतो!

म्हणून नळी, गाळणी, जोड व आरशाची पेटी हा सारा मार्ग अपेक्षित दवबिंदूपेक्षा 5 ते 10 अंश अधिक तापमानावर ठेवावा. त्यातील एखादा जोड उघडा राहिला तरी तो थंड जोडच मापनाची मर्यादा ठरवितो. दाब तोच असेल तर हवा तापविल्याने दवबिंदू बदलत नाही. बाष्पाची भर पडत नाही वा घटही होत नाही. मात्र सापेक्ष आर्द्रता काढताना बाहेरच्या हवेचेच तापमान घ्यावे. पेटीचे 40 अंश तापमान गणितात धरल्यास वरील 90 टक्क्यांचे उत्तर 46 टक्के येईल.

तापक जितका अधिक तितके चांगले, असेही नाही. पेल्टिए शीतक आपल्या उष्ण बाजूच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतो. एकस्तरीय शीतकात हा फरक साधारणतः 40 ते 50 अंशांचा असतो. नळकांड्यातील कोरड्या वायूचा उणे 20 अंशांजवळील बिंदू मोजताना पेटी 40 अंशांवर ठेवली, तर 60 अंशांचा फरक लागेल व आरसा तेथवर पोहोचणारच नाही. कोरड्या वायूसाठी तापक बंद ठेवणेच इष्ट.

पंपाचे कार्य

पंप आरशाच्या पुढे नव्हे, तर नंतर जोडावा. तो आधी असल्यास हवा दाबली जाते, आणि पंपातील ओलावा व तेलकटपणा नमुन्यात मिसळतो. नंतर जोडल्यावरही दाबाचा प्रश्न उरतोच. नळी अरुंद असेल किंवा गाळणी तुंबली असेल, तर पेटीतील दाब घटतो. दाब 10 टक्क्यांनी घटल्यास 26 अंशांचा दवबिंदू सुमारे 1.8 अंशांनी कमी दिसतो. प्लॅटिनम तापमापकाच्या दशांश अंशाच्या अचूकतेचे कौतुक करणाऱ्यांनी गाळणी शेवटची केव्हा बदलली हेही आठवून पाहावे.

प्रवाह सामान्यतः मिनिटाला अर्धा ते एक लिटर ठेवतात. तो फार मंद असल्यास गळतीचा व नळीच्या भिंतीने शोषलेल्या बाष्पाचा प्रभाव वाढतो. फार वेगवान असल्यास आरसा लवकर मळतो. किनाऱ्यावरील हवेत क्षारांचे कण असतात. विद्राव्य क्षार पाण्याचा बाष्पदाब घटवितात, त्यामुळे मळलेल्या आरशावर दव लवकर धरते व आकडा वाढीव येतो.

हाताळणीचा क्रम

प्रथम तापक सुरू करावा, संपूर्ण मार्ग तापू द्यावा, त्यानंतर पंप व सर्वांत शेवटी आरशाचे शीतन सुरू करावे. पंप आधी सुरू केल्यास थंड नळीत पाणी साचते, आणि मार्ग तापल्यावरही ते निघून जाईपर्यंत वाचन फसवे राहते. बंद करताना आरसा गरम करून दव उडवावे, पंपाने काही काळ कोरडी हवा खेळवावी, मग पंप आणि अखेरीस तापक बंद करावा.

व्यवस्था योग्य आहे की नाही, हे पडताळण्याचा एक सोपा मार्ग आहे. बाहेरची हवा फारशी बदलत नसताना तापकाचे तापमान 5 अंशांनी वाढवावे. दवबिंदूचा आकडा हलला, तर मार्गात कोठे तरी पाणी आहे असे समजावे, आणि तो हलेनासा होईपर्यंत तापमान वाढवीत जावे. त्यानंतर प्रवाह निम्मा करून पाहावा. आता आकडा बदलला तर गळती किंवा दाबातील घट शोधावी लागेल.