पेपर आता घेतं कोण? आणि तुमच्या जाहिरातीचा पैसा कुठे लावायचा?

जाहिरातीच्या बजेटचा विषय निघाला की बॅचमधून एक वाक्य हमखास येतं, "सर, पेपर आता वाचतं कोण?" बोलणारा बहुतेक वेळा पंचविशीतला असतो, त्याच्या घरी पेपर येत नाही, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. पण त्यालाच सोलर वॉटर हीटर विकायचा असतो. त्याचं गिऱ्हाईक पंचावन्न वर्षांचं, स्वतःचं घर असलेलं. त्या घराच्या कडीला रोज सकाळी पेपर अडकवलेला असतो.

आधी आकडे बघू. छापून विकलेल्या प्रती मोजणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून आहे. तिच्या हिशेबाने २०२५ च्या पहिल्या सहामाहीत सभासद दैनिकांचा रोजचा सरासरी खप २ कोटी ९७ लाखांच्या आसपास होता. ही देशभरातली, सगळ्या भाषांची बेरीज. पण हा खप आहे, वाचक नव्हेत. वाचकांचा आकडा इंडियन रीडरशिप सर्व्हे द्यायचा. २०१९ च्या सुरुवातीला त्याने पेपर वाचणारे ४२.५ कोटी लोक दाखवले होते. मग करोना आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं नवं सर्वेक्षण आलंच नाही. त्यामुळे जाहिरात घ्यायला आलेला माणूस "आमचे एवढे लाख वाचक" म्हणाला, की दोनच प्रश्न विचारा. हा आकडा कोणत्या वर्षाचा? आणि माझ्या तालुक्यात रोज प्रती किती पडतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न देता जो रंगीत ब्रोशर पुढे करतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

आपल्याकडे पेपरची सवय तुटली ती करोनात. मार्च २०२० मध्ये मुंबईत वाटप थांबलं. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायलाच मनाई केली, मग टीका झाल्यावर ती मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरती ठेवली. मुंबई परिसरात पेपर दारात यायला जून उजाडला. दोन-अडीच महिने सकाळी चहासोबत पेपर नाही म्हटल्यावर लोकांनी पीडीएफवर भागवलं आणि कित्येक घरांनी पेपर परत लावलाच नाही. ज्यांनी लावला, ते मात्र पक्के गिऱ्हाईक आहेत. फुकटची बातमी हातात असताना जो महिन्याचं बिल भरतो, तो पैसे देऊन विकत घेणारा माणूस आहे. धंद्याच्या नजरेने बघा, ही छोटी पण चाळून निघालेली यादी आहे.

भरवसा कुणावर?

रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात भारतात बातम्यांवर एकूण विश्वास ठेवणारे ४१ टक्के निघाले. पण त्यांनी विचारलं ते इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्या लोकांना. तुमच्या गावातल्या मराठी गिऱ्हाइकाचा अंदाज त्यावरून बांधू नका.

मला त्या टक्केवारीपेक्षा २०१८ ची एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा मेसेजमुळे देशात इतर ठिकाणीही बळी जात होते. व्हॉट्सॲपवर दबाव आला. त्याच महिन्यात त्यांनी 'फॉरवर्डेड' हे लेबल आणलं आणि भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आणि खोटी माहिती कशी ओळखायची हे लोकांना सांगायला त्यांनी काय केलं? वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या! कोट्यवधी मोबाईलमध्ये रोज असणाऱ्या कंपनीला "आमच्यावर आलेलं सगळं खरं मानू नका" हे सांगायला कागद विकत घ्यावा लागला.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनने करोना होतो अशी अफवा फिरली, तेव्हा कोंबड्या मिळेल त्या भावात विकायची वेळ आली. पोल्ट्रीवाल्यांची, चिकन सेंटरवाल्यांची त्यात काहीच चूक नव्हती. तुमच्या मालाबद्दल उद्या असं काही उठलं, तर ग्रुपवर तुम्ही टाकलेला खुलासाही दुसऱ्या फॉरवर्डसारखाच दिसतो. अधिकाऱ्याचं म्हणणं छापलेलं, तारीख असलेलं कात्रण काउंटरवर लावलं, तर गिऱ्हाईक थांबून वाचतं.

म्हणून पेपर पवित्र झाला असं नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण याच महाराष्ट्रात गाजलं आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलला त्या प्रकारावर अहवाल काढावा लागला. छोट्या उद्योजकालाही हे आमिष येतं, "जाहिरात कशाला, बातमीच लावतो ना!" नका घेऊ. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणून द्या. लोकांना कळतं हो. "यशस्वी उद्योजक" मथळ्याखाली हार घातलेला फोटो दिसला की शेजारचा दुकानदार पहिला अंदाज बांधतो तो किती दिले याचा.

आता पैसा कुठे

सजावटीच्या जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो. आठ बाय दहा म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. हा गुणाकार करूनच बोलणीला बसा, आणि दर पूर्ण जिल्ह्याच्या आवृत्तीचा आहे की तुमच्या भागाच्या पानाचा हे लिहून घ्या. तुमचं गिऱ्हाईक दोन किलोमीटरमधलं असेल, तर जिल्हाभर छापून येण्यात हौस भागते, विक्री नाही.

दोन किलोमीटरच्या धंद्याला माझ्या मते सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे पेपर टाकणारा. पहाटे चार-साडेचारला वाटपाच्या ठिकाणी गठ्ठे येतात, तिथेच जमिनीवर बसून मुख्य अंकात पुरवण्या भरतात आणि हँडबिलंही तेव्हाच आत जातात. दर हजाराच्या हिशेबाने ठरतो. विक्रेत्याला त्याची लाईन तोंडपाठ असते. कोणत्या सोसायटीत किती पेपर पडतात, कोणत्या बिल्डिंगने बंद केले, महिन्याच्या महिन्याला बिल कोण देतं, सगळं. एवढी ताजी माहिती सर्वेक्षणात मिळत नाही. एकदा स्वतः पहाटे जा, आधी चहा घ्या, मग हँडबिलं काढा. रविवार टाळा. रविवारच्या अंकातून इतके कागद गळतात, की तुमचा थेट रद्दीत जातो. दिवाळीत आणि मोठ्या सणांना काही दिवशी अंकच निघत नाही, तेव्हा उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी हे विचारून घ्या. आणि दोन लाईनच्या हँडबिलांवर दोन वेगळी सवलत-अक्षरं छापा, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते कळेल. नाहीतर "पेपरचा उपयोग झाला नाही" हा निव्वळ अंदाज राहतो.

(रद्दीवरून आठवलं. वडापाव, भजीचा धंदा काढणाऱ्यांनो, छापील पेपरात खाद्यपदार्थ बांधायला एफएसएसएआयच्या नियमांनुसार मनाई आहे. साधा कोरा, खाद्यपदार्थांसाठीचाच कागद आणा.)

शेवटचा मुद्दा भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी. भागीदार फर्ममधून बाहेर पडला की मित्र काय करतात? फेसबुकवर पोस्ट टाकतात, स्टेटस ठेवतात. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा ते मोजत नाही. त्याच्या कलम ७२ प्रमाणे जाहीर नोटीस म्हणजे शासकीय राजपत्रात आणि धंदा ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी. फर्म नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सलाही कळवायचं. ही नोटीस दिली नाही, तर बाहेर पडलेल्याच्या नावावर पुढे उचललेल्या उधारीची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. मसुदा वकिलाकडून किंवा सीएकडून तपासून घ्या, आणि अंक आला की नुसता चौकोन कापून फाईलला लावू नका. पूर्ण पान ठेवा, कारण पेपरचं नाव आणि तारीख वरच्या पट्टीत असते. दोन प्रती जास्तीच्या घेऊन ठेवा, एक भागीदाराला आणि एक बँकेला लागते.