पंचनाम्यात न मावलेली वलांडी

२०२१ ची ईद-उल-फित्र १४ मे रोजी झाली. निर्बंधांमुळे नमाज घरातच अदा केली. तिसऱ्याच दिवशी, १७ मे रोजी, ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपला किनारा झोडपत गुजरातकडे गेले. (म्यानमारने ठेवलेल्या या नावाचा अर्थ पाल. आवाज मात्र पालीचा नव्हता!)

वादळानंतरची उभारणी म्हटली की आपल्याला पत्रे आणि कौले आठवतात. विरारजवळच्या अर्नाळ्यात कोळ्याचे घर बोट, जाळे आणि वलांडीवरही उभे असते. बांबूच्या वलांडीवर सुकणारा बोंबील ही पावसाळ्याची बेगमी. भिजला की वाया. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे हाती उरले जेमतेम दोन आठवडे. कमाई थांबलेली असतानाच बोटीची डागडुजी करायची, जाळी सांधायची, तीही उसनवारीवर. फुटलेल्या बोटीचा पंचनामा होतो. टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या कोळणीच्या बुडालेल्या दिवसांचा कोण करणार?

जकातीच्या आठ हक्कदारांत कुराणाने कर्जदारही मोजला आहे. जकातीचा मसला उलेमांना विचारावा. नफली सदक्याला मात्र धर्माची अट नाही. रमजानात आपल्याला यतीम आठवतात, मदरसे आठवतात. वादळाने कर्जात लोटलेला शेजारी सहसा यादीत नसतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, तेव्हा पहिल्या फेऱ्यांची मासळी बऱ्याचदा आधीच सावकाराच्या नावावर असते.