काचेवरचा फवारा आणि त्याची गळती

पावसाळ्यात बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्या मोटारचालकाला एक अनुभव हमखास येतो. समोरून येणारा मालट्रक तांबड्या चिखलाचा सपकारा काचेवर मारून निघून जातो. पाऊस नेमका थांबलेला असला, तर वायपर तो चिखल पुसत नाही, सारवतो. ताशी ३६ किलोमीटर या बेताच्या वेगानेही मोटार दर सेकंदाला १० मीटर पुढे जाते. तीन सेकंद काच झाकली गेली, तर वळणावळणाचा ३० मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. अशा वेळी कळ दाबताच काचेवर उडणारा पाण्याचा फवारा ही चैनीची वस्तू राहत नाही. परंतु जुन्या मोटारीत त्याची टाकी पुष्कळदा रिकामीच आढळते, कारण पाणी वाटेतच गळून गेलेले असते.

ही रचना साधी आहे. प्लास्टिकची टाकी, बहुतेक मोटारींत तिच्या तळाशी रबरी कड्यात बसवलेला विजेचा लहान पंप, तेथून निघणारी बारीक नळी, तिला फाटे देणारा जोड आणि शेवटी तोट्या. मारुती ८०० या मोटारीचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले व २०१४ मध्ये थांबले. तेव्हा आज रस्त्यावर असलेली या जातीची प्रत्येक मोटार दहा वर्षांहून अधिक जुनी आहे. इतक्या काळात इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याला चिरा जातात आणि नळीची टोके सैल पडतात.

दुरुस्तीपूर्वी गळतीची जागा निश्चित करावी. टाकी भरून मोटारीखाली कोरडा कागद पसरावा व अर्धा तास थांबावे. कळ न दाबता कागद भिजला, तर दोष बहुधा टाकीत किंवा पंपाच्या रबरी कड्यात असतो. कळ दाबल्यावरच पाणी गळत असेल, तर तो नळीत अथवा जोडांत शोधावा.

रबरी कडे स्वस्त असते. ते नवेच घालावे. बसवताना तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. साध्या पाण्याचा ओलावा पुरतो. नळीचे टोक कडक झाले असेल, तर तेवढा तुकडा कापून उरलेले टोक कोमट पाण्यात मऊ करून पुन्हा चढवावे. टाकीला तडा गेला असल्यास मात्र नवी टाकी घेणे श्रेयस्कर, कारण या जातीच्या प्लास्टिकवर साधा डिंक किंवा सरस धरत नाही.

नळी पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर तिला तारेने आवळण्यापूर्वी तोट्यांकडे पाहावे. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार तोटीच्या भोकात साठतात. वाट बुजली की पंपाचा सारा जोर मागे येतो आणि जेथे जोड दुबळा असेल तेथे पाणी फुटून निघते. गळती एका ठिकाणी व तिचे कारण दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार. तोटी बारीक सुईने हळूच मोकळी करावी. क्षार घट्ट असल्यास तोटी काढून थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी व स्वच्छ धुवावी.

टाकीत शक्य तर गाळलेले, क्षार नसलेले पाणी घालावे. इंजिन थंड ठेवणारे द्रव्य त्यात कदापि मिसळू नये. काचेवर त्याचा तेलकट पडदा धरतो. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये, कारण पाण्यावाचून तो तापतो व लवकर निकामी होतो. गळतीचे पाणी पंपाच्या तारांच्या जोडावर पडत असेल, तर तेथे हिरवट गंज चढला आहे काय, तेही पाहून घ्यावे.

हे सारे काम तासाभराचे असते. मृगाच्या सरी सुरू होण्याआधी ते उरकून घेतले, तर पहिल्या घाटातच त्याचे मोल कळून येते.