इंजिन ऑइल खातंय, पण कुठल्या वाटेनं?

कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही गाडी १९५७ साली आली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि दोघांपुरती जागा, एवढाच तिचा संसार. सुटे भाग घेऊन ती घरी जोडता येई, आणि ब्रिटनच्या तेव्हाच्या नियमांनुसार अशा सुट्या गाडीवर खरेदीकर लागत नसे. पुढे तो कर गेला, हौस मात्र टिकली. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे आले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक लिहिलं आणि हा छंद आणखी घरांत शिरला.

त्याच दशकात जपानी मोटरसायकलींची इंजिनं कुठल्या कुठे गेली. १९९२ ची होंडा फायरब्लेड ८९३ सीसीची होती. १९९८ च्या यामाहा आर-वनने ९९८ सीसीतून सुमारे दीडशे अश्वशक्ती काढली. १९९९ मध्ये १२९८ सीसीची सुझुकी हायाबुसा रस्त्यावर आली. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात, आणि तोही हलका. अपघातात सापडलेल्या बाइकचं इंजिन सेव्हनसारख्या हलक्या गाडीत बसवण्याचा मोह कुणाला होणार नाही? वेस्टफील्डने हायाबुसाच्या इंजिनावर मेगाबुसा काढली, आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या रॅडिकलने तर बाइकच्या इंजिनांवरच रेसिंग गाड्यांचा व्यवसाय उभा केला.

या गाड्या बांधणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे: इंजिन ऑइल खातं. तक्रार ऐकताच कुणीही सांगतं, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडा.’ हा सल्ला बऱ्याचदा घाईचा असतो. बाइकवर निरोगी असलेलं इंजिन मोटारीत आल्यावर ऑइल खाऊ लागलं, तर आधी त्याची नवी जागा तपासली पाहिजे.

आडवं आलेलं बळ

पाण्यानं भरलेली बादली गरागरा फिरवली तरी पाणी सांडत नाही, कारण बळ कायम बुडाकडे असतं. वळणावर कललेल्या बाइकच्या इंजिनातही हेच घडतं. ऑइल खालच्या चेंबरमध्ये बसून राहतं आणि पंपाच्या तोंडाला मिळत राहतं. मोटार कलत नाही. वळणावर गुरुत्वाकर्षणाएवढं आडवं बळ आलं, की ऑइलचा पृष्ठभाग थेट ४५ अंशांनी तिरका होतो. हलकी गाडी आणि चिकट टायर असले, की एवढं बळ सहज येतं.

त्यात इंजिन बसतं काटकोनात फिरवून. फायरब्लेड, आर-वन, हायाबुसा या तिन्हींचं चेनचं स्प्रॉकेट डाव्या बाजूला असतं. मागच्या चाकांकडे शाफ्ट न्यायचा तर ही डावी बाजू मागे करावी लागते. मग ब्रेक मारला, की ऑइल क्लचच्या बाजूला धावतं. सरळ चालणाऱ्या किंवा कललेल्या बाइकवर त्या दिशेनं ऑइलला असा रेटा जवळजवळ बसतच नव्हता. आता तो प्रत्येक ब्रेकला बसतो.

भरीस भर म्हणजे बाइकचं खोल चेंबर मोटारीत जमिनीला टेकेल, म्हणून ते कापून उथळ करतात. पंपानं हवा ओढली तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बघता बघता जातात. या धास्तीनं मालक खुणेच्या वर अर्धा-एक लिटर ऑइल जास्त ओततो, आणि इथूनच ‘खाण्याला’ सुरुवात होते. फिरणारी क्रँक त्या ऑइलला फटके मारते, फेस होतो आणि तो ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून एअरबॉक्समध्ये चढतो. तिथून तो सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि आळ येतो रिंगांवर.

आधी मोजा

पहिलं काम मोजण्याचं. इंजिन बसवताना थोडं कललं असेल, तर लेव्हल दाखवणारी काच किंवा डिपस्टिक खोटं बोलते. म्हणून चेंबर पूर्ण रिकामं करून मोजून ऑइल भरावं आणि नवी खूण करावी. पुढे दर वेळी जमीन तीच, सपाट हवी. इंजिन गरम करून बंद केल्यावर तेवढाच वेळ थांबून मगच लेव्हल बघावी. गळतीही याच वेळी शोधावी. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, की रात्रभरात डाग बोलतो. चालत्या गाडीतली गळती मात्र वाऱ्यानं मागे पसरते, तेव्हा इंजिन धुऊन पुसून मग फेरी मारावी.

दुसरं काम स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं. ब्रीदरचा पाइप एअरबॉक्सपासून सोडवून, हवेला वाट असलेल्या बाटलीत न्यायचा. मधला तुकडा पारदर्शक ठेवायचा. एअरबॉक्समध्ये उघडलेलं भोक बंद करायचं. मग गाडी नेहमीसारखी पळवायची. चेंबरमधून कमी झालेलं ऑइल बाटलीत सापडलं आणि धूरही थांबला, तर वाट सापडली. लेव्हल खुणेवर आणूनही बाटली झपाट्यानं भरत असेल, तर मात्र रिंगांजवळून गॅस खाली उतरतोय का, हे बघावंच लागेल.

धूर केव्हा येतो?

बाटली कोरडी राहिली आणि धूर सुरूच असला, तर त्याची वेळ बघा. रात्रभर उभ्या गाडीला स्टार्टर मारताच धूर येऊन विरला, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून आल्यावर पुन्हा देताना भपका आला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. थ्रॉटल बंद आणि फेरे जास्त असले, की इनलेटमध्ये मोठी पोकळी तयार होते आणि ती सीलमधून ऑइल ओढते. जोरात रेस करताना धूर एकसारखा येत राहिला, तर संशय रिंगांवर.

चारही प्लग काढून ओळीनं ठेवा. तीन तपकिरी, कोरडे आणि एक काळा, ओला, चकाकणारा दिसला, तर बिघाड एका सिलिंडरचा. चारही सारखेच ओले असतील, तर बिघाड एकाच सिलिंडरचा नाही.

मग कॉम्प्रेशन बघायचं, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायचा. चढला तर रिंगा किंवा बोअर. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून कान दिला तर आणखी नेमकं कळतं: ऑइल फिलरमधून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

मात्र चांगल्या कॉम्प्रेशनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. वरच्या दोन रिंगा मुख्यतः गॅस अडवतात, बोअरवरचं ऑइल खरवडते ती तिसरी. अपघातानंतर महिनोन्महिने पडून राहिलेल्या इंजिनात ही तिसरी रिंग खाचेत चिकटली, तर कॉम्प्रेशन उत्तम दिसूनही ऑइल जळत राहतं. नव्यानं बांधलेलं इंजिन फार जपून चालवलं तरी घात होतो: रिंगांवर पुरेसा दाब येत नाही आणि बोअर काचेसारखा गुळगुळीत होऊन बसतो.

उपाय जागेचा

दोष जागेचा असेल तर उपायही जागेचाच. चेंबरमध्ये आडपडदे आणि एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा बसवल्या, की ऑइल पंपाजवळ राहतं आणि जास्तीचं ओतावं लागत नाही. ब्रीदरला ऑइल वेगळं करून परत चेंबरमध्ये सोडणारी टाकी हवी. ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर ड्राय सम्प: ऑइल वेगळ्या टाकीत, आणि तळातलं उपसायला स्वतंत्र पंप. ऑइल बदलतानाही एक पथ्य पाळावं. क्लच त्याच ऑइलात भिजलेला असतो, म्हणून जासो एमए प्रतीचंच ऑइल हवं. मोटारीसाठीचं निसरडं ऑइल घातलं तर क्लच घसरू लागतो.

हे ज्ञान आपल्या मुलांच्याही कामाचं आहे. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी ७१० सीसीपर्यंतची इंजिनं लावून एका माणसाची रेसिंग गाडी बांधतात. भारतातल्या अनेक संघांच्या गाडीत केटीएम ३९० चं इंजिन असतं, आणि ते घडतं पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. न कलणाऱ्या गाडीत बसलं, की त्यालाही हाच आडवा रेटा सोसावा लागतो. या मुलांना मोजमाप, पुठ्ठा, बाटली, प्लग, कॉम्प्रेशन हा क्रम पहिल्याच वर्षी शिकवला पाहिजे. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी महाग आहे, आणि सगळ्यांत महाग आहे इंजिन उघडणं. ते शेवटी यावं आणि पुराव्यानिशी यावं. तोवर लेव्हल मात्र दर फेरीआधी बघावी, कारण ऑइल खाणारं इंजिन पुष्कळ वर्षं चालतं. ऑइल संपलेलं इंजिन पुढचं वळणही पार करत नाही.