एक झोका की वीस?

सहावी व नववीच्या मुलांसाठी मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेत आली आहे. लेखी परीक्षेतून निवडलेल्यांची पुढे प्रात्यक्षिक परीक्षा होते. तेथे नुसते पाठांतर पुरत नाही. सूत्र बिनचूक लिहून प्रयोगात अडखळणारी मुले आम्हांला महाविद्यालयातही भेटतात.

म्हणून तयारी घरीच सुरू करा. शीवच्या लहानशा खोलीतही दाराची चौकट असतेच! चौकटीच्या खिळ्याला दोऱ्याने लोखंडी नट टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर ठेवा आणि हलका झोका द्या. नट जाऊन परत आला, की एक झोका झाला. त्याला सुमारे २ सेकंद लागतात. घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर ती झाली १० टक्के! आता २० झोके मोजा. सुमारे ४० सेकंद लागतील. चूक तेवढीच, पण आता ती अवघा अर्धा टक्का!

दोरा २५ सेंटिमीटर केला, तर वेळ पावपट होईल का? आधी अंदाज लिहा, मग मोजा. पुस्तक उघडायचे ते त्यानंतर!